क्षमा मिळाली, भरपाईचे काय?

कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघालेल्या लोकलचे पहिले स्टेशन विठ्ठलवाडी. नाव विठ्ठलाचे, पुढचे स्टेशन फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरचे, आणि मागच्या कल्याणच्या नावाने १९८८ पासून सायरो-मलबार कॅथलिकांचा, म्हणजे मूळच्या केरळी ख्रिस्ती कुटुंबांचा, स्वतंत्र धर्मप्रांत आहे. लॅटिन विधी पाळणारी, मुंबईच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीतली चर्चेसही याच पट्ट्यात आहेत. भाद्रपदाच्या वद्य पक्षात इथल्या घराघरांत पितरांचे पान वाढले जाते. २ नोव्हेंबरला कॅथलिक कुटुंबे कबरी धुऊन त्यांवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. सायरो-मलबार पंचांगात मृतांचे स्मरण मोठ्या उपवासकाळाच्या तोंडावरच्या शुक्रवारी येते. शेजारचा प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मात्र मृतासाठी प्रार्थना करत नाही. गेलेला माणूस देवाच्या हाती गेला, आता आपले काही चालत नाही, असे तो मानतो. मृतांसाठी जिवंतांना काही करता येते का, हा वाद जुना आहे. पण त्याच्या मुळाशी आणखी एक प्रश्न आहे आणि तो फक्त ख्रिस्ती माणसाचा नाही. देवाने पाप क्षमा केले, तरी त्या पापाचे काही शिल्लक उरते का? माझे उत्तर असे की उरते. ते पाप्याच्या आत उरते आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या आयुष्यातही उरते. पर्गेटरीची, म्हणजे शुद्धिस्थानाची, शिकवण या दोन्ही शिलकींचा हिशेब घेत असेल तरच ती टिकते. एकीलाच धरून बसली, तर तिच्यावर झालेली टीका रास्त ठरते.

आधी ती शिकवण नेमकी काय आहे ते पाहायला हवे, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहेत. शुद्धिस्थान म्हणजे सौम्य नरक नव्हे आणि मरणोत्तर मिळणारी दुसरी संधीही नव्हे. कॅथलिक शिकवणीप्रमाणे तिथे पोहोचणाऱ्या प्रत्येकाचे तारण निश्चित झालेले असते. तो देवाच्या मैत्रीत मेलेला असतो, फक्त पुरता शुद्ध झालेला नसतो. १२७४ ची लियोंची परिषद, १४३९ ची फ्लॉरेन्सची आणि १५६३ मध्ये संपलेली ट्रेंटची, या तिन्ही परिषदांनी मिळून अधिकृतपणे सांगितले ते एवढेच: असे शुद्धीकरण असते, आणि जिवंतांच्या प्रार्थनांनी, विशेषतः मिस्साबलिदानाने, म्हणजे वेदीवरच्या प्रभुभोजनाच्या उपासनेने, त्या आत्म्यांना साह्य होते. आग, अंधार, किती वर्षे, कुठल्या दिशेला, यांतले काहीही बंधनकारक नाही. उलट कुतूहल चाळवणाऱ्या आणि पैशाचा वास येणाऱ्या गोष्टी प्रवचनांतून काढून टाका, अशी ताकीद ट्रेंटनेच बिशपांना दिली होती. या शिकवणीचा पाया एका भेदावर आहे. पापाने दोन गोष्टी घडतात: देवाशी असलेले नाते तुटते, आणि माणसात व जगात एक बिघाड तयार होतो. पापनिवेदनात धर्मगुरू क्षमा उच्चारतो तेव्हा पहिली गोष्ट पूर्ण दुरुस्त होते. दुसरी होतेच असे नाही.

हा भेद कोरडा वाटू नये म्हणून एक उदाहरण घेऊ. चाळीत किंवा कारखान्यात भिशी चालवणारा एक माणूस आहे. वीस घरांनी महिन्याला ठरलेली रक्कम त्याच्याकडे दिली, कारण तो ओळखीचा होता, रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा होता. त्याने ते पैसे गिळले. कोणाच्या मुलीचा कॉलेजप्रवेश हुकला, कोणी सासूच्या ऑपरेशनसाठी सावकाराकडून कर्ज काढले, आणि त्या वाडीत पुन्हा कोणी भिशी लावली नाही, कारण शेजाऱ्यावरचा विश्वासच उडाला. काही वर्षांनी या माणसाला खरा पश्चात्ताप होतो. तो कुमसाराला, म्हणजे पापनिवेदनाला, जातो, गुडघे टेकतो, रडतो, आणि धर्मगुरू त्याला क्षमा देतो. ती क्षमा खरी आहे; तिच्यात काही कमी आहे असे मी म्हणत नाही. पण ज्या क्षणी तो चर्चमधून बाहेर पडतो त्या क्षणी सावकाराचे व्याज चालूच असते. मुलगी शिकली नाही ती नाहीच. आणि त्याच्या स्वतःच्या आत, हातात पैसा आला की नजर कशी फिरते, थाप मारताना आवाज कसा शांत राहतो, हे जे त्याने वर्षानुवर्षे अंगी बाणवले तेही एका दिवसात जात नाही. कॅथलिक धर्मशिक्षण हेच सांगते: क्षमेने पाप जाते, पापाने केलेली सगळी नासाडी जात नाही; म्हणून चोरलेले परत करा, बदनाम केलेल्याचे नाव धुऊन काढा. परत करण्याची ऐपत असून इच्छा नसेल तर पश्चात्ताप हे सोंग आहे आणि पाप सुटलेलेच नाही, असे संत ऑगस्टिनने मॅसिडोनियस नावाच्या अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात बजावले आहे. कुमसार ऐकणारा धर्मगुरू अशा माणसाला तीन 'नमो मारिया' म्हणायला सांगून मोकळे करत असेल तर तो आपल्याच धर्माच्या शिकवणीशी बेइमानी करतो.

बायबलमध्ये या भेदाचा आधार शोधताना बहुतेक लोक पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राकडे धावतात. तिथे माणसाचे काम आगीने पारखले जाईल आणि तो जणू आगीतून वाचेल असे म्हटले आहे. मला त्याहून स्पष्ट वाटते ती दावीद राजाची कथा. बथशेबेशी व्यभिचार आणि तिच्या नवऱ्याचा, उरीयाचा, ठरवून घडवलेला मृत्यू. नाथान संदेष्टा त्याच्या तोंडावर दोष ठेवतो, दावीद कबूल करतो, आणि नाथान तिथल्या तिथे सांगतो की परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे. पण तलवार तुझ्या घरातून हटणार नाही, हे त्याच संभाषणात आहे. पुढची पाने वाचली की कळते की ही बाहेरून लादलेली शिक्षा कमी आणि दाविदानेच घरात शिकवलेल्या धड्याचे फळ जास्त. बापाने दुसऱ्याची बायको ओढून आणली. मुलगा अम्नोन सावत्र बहिणीवर, तामारवर, बळजबरी करतो. बापाने माणूस मारवला. अबशालोम भावाला मारवतो. क्षमा पहिल्याच दिवशी मिळाली होती, परिणाम पिढीभर चालले. दुसरी कथा जक्कयाची. कर गोळा करताना लोकांना नाडणारा हा माणूस. येशू त्याच्या घरी आला, आणि जक्कय उभा राहून म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करतो. हे ऐकल्यावर येशू म्हणतो की आज या घराला तारण लाभले. जक्कय रडला की नाही हे लूकने लिहिले नाही. त्याने आकडा मात्र लिहिला.

हा भेद फक्त ख्रिस्ती माणसाला सुचला असे नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात म्हटले आहे की अजाणता घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते. जाणूनबुजून केलेल्या पापाच्या बाबतीत मात्र प्रायश्चित्ताने माणूस व्यवहाराला योग्य होतो. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत त्याची फोड करताना पापाच्या दोन शक्ती मानल्या: एक नरकात नेणारी, दुसरी समाजातला व्यवहार अडवणारी. महामहोपाध्याय काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड १९५३ मध्ये निघाला. त्यात पातक, प्रायश्चित्त, कर्मविपाक, श्राद्ध आणि तीर्थयात्रा हे विषय एकाच खंडात, एकापाठोपाठ एक आले आहेत. तो क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. पाप, त्याचे निवारण, त्याचे उरलेले फळ आणि मेलेल्यासाठी जिवंतांनी करायचे कृत्य, या गोष्टी दोन्ही परंपरांत एकमेकींना धरूनच उभ्या आहेत. पण प्रायश्चित्त नुसत्या व्यवहारापुरते उरले की त्याचे काय होते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, त्याचा बोभाटा झाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि अखेर १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. त्यांनी कोणाचे काही चोरले नव्हते, कोणाला दुखवले नव्हते. तिथे प्रायश्चित्ताने शुद्ध झाले ते पंगतीचे नाते. अंतःकरणाचा प्रश्नच नव्हता. ज्यात नुकसान झालेला कोणी नाही असे प्रायश्चित्त आणि ज्यात नुकसान झालेल्याला विचारलेच नाही असे प्रायश्चित्त, ही दोन्ही माझ्या मते सारखीच पोकळ.

आता आक्षेप. सर्वांत वजनदार आक्षेप प्रॉटेस्टंटांचा आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. क्रुसावरचे ख्रिस्ताचे बलिदान पुरेसे असेल तर उरते काय? उरते म्हटले की ते बलिदान अपुरे ठरते. कॅल्विनने याच कारणासाठी शुद्धिस्थानाला ख्रिस्ताच्या क्रुसाचा अपमान म्हटले. अँग्लिकन पंथाच्या ३९ कलमांतले बाविसावे कलम ते नाकारते. आणि १८१३ पासून मुंबईत व पुढे अहमदनगरात काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत वाढलेला मराठी ख्रिस्ती समाज याच विचारावर पोसला गेला. त्याला जोडून क्रुसावरच्या चोराचा दाखला येतो: आयुष्यभर गुन्हे केलेला माणूस, आणि त्याला आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील असे वचन. मग शुद्धीकरण कुठे गेले? या दाखल्यात एक गोष्ट सहसा नजरेआड होते. तो चोर आपल्या जोडीदाराला सांगतो की आपल्याला झालेली शिक्षा रास्त आहे. सबब न सांगता आपल्या कृत्याचे पूर्ण वजन मान्य करणे, तेही वेदनेत, हेच तर शुद्धीकरण. त्याला त्या दुपारी लागले तेवढे दुसऱ्याला लागायला किती काळ जाईल हे घड्याळावर मोजता येत नाही. आणि कॅथलिक चर्चनेही ते मोजणे सोडले आहे: १९६७ मध्ये पोप पॉल सहावे यांनी दंडमाफीसोबत, म्हणजे क्षमा झालेल्या पापाच्या उरलेल्या शिक्षेत चर्च देते त्या सुटीसोबत, लिहिले जाणारे दिवसांचे आणि वर्षांचे आकडे रद्द केले. राहिला पुरेपणाचा मुद्दा. ख्रिस्ताचे बलिदान पुरेसे आहे हे मान्यच आहे, पण कशासाठी पुरेसे? भिशीवाल्याला देवाशी जोडण्यासाठी. त्या वीस घरांचे देणे ख्रिस्ताने फेडले, आता मी मोकळा, असे तो म्हणू लागला तर कोणताही प्रामाणिक प्रॉटेस्टंट पाळक त्याला चर्चच्या दारात थांबवील. म्हणजे शिल्लक तोही मानतो. ती मरणापलीकडे जाते की नाही, एवढाच वाद उरतो.

दुसरा आक्षेप बाजाराचा, आणि यात चर्चने मान खाली घातलीच पाहिजे. मृत आईबापांच्या नावाने दंडमाफीची पत्रे विकणाऱ्या टेट्झेलच्या काळात, १५१७ मध्ये, ल्यूथरने पंचाण्णव मुद्दे मांडले, तेव्हा त्याने शुद्धिस्थान नाकारलेले नव्हते. ते त्याने पुढे नाकारले. पण त्यात त्याने सामान्य लोकांच्या तोंडचा एक प्रश्न नोंदवला आहे, त्याला आजही तोड नाही: पोपला जर ते रिकामे करता येत असेल तर पैशासाठी का, प्रेमापोटी एकदमच का नाही? या प्रश्नाला एकच सरळ उत्तर आहे. शुद्धिस्थान म्हणजे पोपच्या हाती किल्ली असलेला तुरुंग असेल तर ल्यूथर बरोबर आहे. ते तसे नसेल, ते माणसाचे आतून बदलणे असेल, तर ते कोणी विकू शकत नाही आणि कोणी फुकट वाटूही शकत नाही. चर्चने नंतर हे ओळखले: १५६२ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने दंडमाफीसाठी देणग्या गोळा करत फिरणाऱ्यांचे पदच बंद केले, आणि आजचा चर्चचा कायदा सांगतो की मिस्साच्या देणगीत व्यापाराचा आभासही येता कामा नये. शुद्धिस्थानाची कल्पना उशिरा, बाराव्या शतकात घडली असे जाक ल गॉफ या फ्रेंच इतिहासकाराने १९८१ च्या ग्रंथात मांडले. त्या कल्पनेच्या नकाशाबद्दल ते खरे असेल. मृतांसाठीच्या प्रार्थनेबद्दल नाही. चौथ्या शतकात मरणपंथाला लागलेल्या मोनिकाने मुलाकडे, ऑगस्टिनकडे, एकच मागितले होते: माझे शरीर कुठेही पुरा, पण वेदीपाशी माझी आठवण ठेवा. फ्लॉरेन्सच्या परिषदेत इफिससच्या मार्कने शुद्धिस्थानाची आग मानायला ठाम नकार दिला, पण मृतांसाठी प्रार्थना त्याच्याही ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये होत होत्या आणि आजही होतात.

मला स्वतःला सर्वांत अस्वस्थ करणारा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो आपल्या मातीतला आहे. पाप मागे शिल्लक ठेवते असे एकदा मान्य केले की दुःख भोगणाऱ्याकडे पाहून, याने काहीतरी केले असणार, असे म्हणायला वाट मोकळी होते. चोखोबांच्या नावावरच्या एका अभंगात त्यांचा जन्म हे पूर्वजन्मीच्या कृष्णनिंदेचे फळ असल्याचे म्हटले आहे. ज्यांनी चोखोबांना देवळाच्या दारात अडवले त्यांच्या पापाची शिल्लक चोखोबांच्या खात्यावर लिहिली गेली. यापेक्षा उलटा हिशेब असू शकत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणूस पाहून शिष्य हेच विचारतात: पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? येशूचे उत्तर: ना याचे, ना त्यांचे. ख्रिस्ती विचाराने इथे एक कुंपण घातले आहे आणि ते कधीच ओलांडू नये. पापाचा माग कर्त्याकडून परिणामाकडे काढायचा; दुःखाकडून उलटे चालत जाऊन पापी शोधायचा नाही. ख्रिस्ती घरांतही हे कुंपण मोडले जाते. पोरगा अपंग जन्मला, आजोबांनी काय केले कोण जाणे, असे बोलणारे कमी नाहीत. ते येशूच्या उत्तराच्या विरुद्ध बोलत असतात.

शिल्लक कर्त्याच्या बाजूला लिहायची म्हटल्यावर चर्चचेही खाते उघडावे लागते. गोव्यातल्या साष्टीतली देवळे सोळाव्या शतकात पाडली गेली. देव नदीपल्याड नेऊन वाचवावे लागले, मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला. १५८३ मध्ये कुंकळ्ळीत रुडॉल्फ आक्वाविवा आणि चार जेझुइट मारले गेले. मग पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून दगा देऊन ठार केले. त्या जेझुइटांचे मृतदेह मिळवायला गेलेला थॉमस स्टीफन्स पुढे मराठीत क्रिस्तपुराण लिहितो. त्याच्या भाषेवर आपण आजही लोभ करतो, तो योग्यच आहे. गोव्यातले इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झाले आणि मध्ये काही वर्षे थांबून १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये चर्चच्या लेकरांनी इतिहासात केलेल्या पापांची जाहीर क्षमा मागितली. त्या प्रार्थनेचे मोल मी कमी मानत नाही. पण चर्चच्याच शिकवणीप्रमाणे कबुलीनंतर भरपाई यावी लागते, आणि भरपाईला गावाचे नाव लागते. कुंकळ्ळीचे नाव घेऊन केलेल्या कबुलीत जे वजन असेल ते सरसकट शब्दांत येत नाही.

मग मेलेल्यांचे काय? पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या 'स्पे साल्वी' या विश्वपत्रात याचे उत्तर दिले आहे, आणि मला ते या विषयावरचे सर्वांत प्रौढ लेखन वाटते. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा: शाश्वत मेजवानीत जुलमी माणूस त्याने छळलेल्याच्या शेजारी, काही घडलेच नाही अशा थाटात, बसू शकत नाही, आणि जाळून शुद्ध करणारी आग म्हणजे स्वतः ख्रिस्ताची नजर. मी त्यात एक पाऊल पुढे टाकीन. त्या नजरेत भिशीवाल्याला दिसणार काय? ती वीस घरे दिसणार. न शिकलेली मुलगी तिच्या बाजूने कशी दिसते ते त्याला पहिल्यांदा पाहावे लागणार, आणि ते पाहणे सोसवेल इतके त्याचे मन मोठे होईपर्यंत तो स्वर्गाला लायक होणार नाही. अशा माणसासाठी मागे राहिलेल्यांना काही करता येते का? दुसऱ्या मक्काबी ग्रंथात युद्धात पडलेल्या सैनिकांच्या कपड्यांखाली मूर्तिपूजेचे ताईत सापडतात, तेव्हा त्यांचा सेनापती यहूदा प्रार्थना करून थांबत नाही. जिवंत सैनिकांकडून दोन हजार द्राख्मा गोळा करून पापार्पणासाठी यरुशलेमला पाठवतो. प्रॉटेस्टंट बायबलात हा ग्रंथ नाही, हे मान्य. पण मेलेल्याच्या चुकीची झळ जिवंतांनी आपल्या खिशाला लावून घ्यावी हा त्यातला विचार कोणत्याही बायबलाशी विसंगत नाही. बापाचे कर्ज मुलगा फेडतो तेव्हा बापाने केलेल्या नुकसानाचा एक तुकडा जगातून खरोखर नाहीसा होतो. बापाला मरताना जे जमले नाही त्यात मुलाचा हात लागतो. प्रार्थना देवाकडे जाते, परतफेड शेजाऱ्याकडे, आणि पापाने बिघडवलेली नातीही याच दोन दिशांची होती.

नोव्हेंबर महिन्यात मिस्सासाठी मृतांच्या नावांच्या याद्या चर्चमध्ये दिल्या जातात. यंदा ते पाकीट भरताना घरातल्यांनी एकत्र बसून आणखी एक गोष्ट करावी. ज्याचे नाव लिहितो आहोत त्याने कोणाचे उसने ठेवले होते, कोणत्या भावाचा जमिनीतला वाटा दाबला होता, कामावरच्या कोणत्या बाईचा पगार बुडवला होता, हे आठवावे आणि त्या माणसाचा किंवा त्याच्या वारसाचा पत्ता शोधावा. देणगी थोडी कमी पडली तरी चालेल. आधी ते पैसे पोचते करावेत.